रंग अडवणारी खळ

रांगोळीचा छापा कुणाच्या घरी नाही? पत्र्याची नाहीतर प्लास्टिकची चकती, तिला भोकं, वरून पांढरी पूड पसरून हात फिरवला की खाली कमळ उमटतं. शाळेच्या रिक्षाची वेळ झालेली असताना चुक्क्या मांडून रांगोळी काढायला ज्यांना सवड नसते, त्यांचा तो मोठाच आधार. छाप्याचं तत्त्व साधं आहे. जिथे भोक, तिथे रंग. आमच्या पिढीने शाळेत सायक्लोस्टाइलच्या प्रश्नपत्रिका सोडवल्या, त्यांच्या मेणकागदाचंही तत्त्व हेच होतं.

जपानी रंगाऱ्यांनी हे तत्त्व उलटं केलं. त्यांच्या कागदी साच्याच्या भोकांतून कापडावर रंग उतरत नाही, उतरते ती तांदळाची खळ. खळ वाळली की कापड रंगवायचं. जिथे खळ बसली आहे तिथे रंग पोचत नाही. मग ती धुऊन टाकायची, म्हणजे खळीखालचं मूळ कापड नक्षी होऊन उघडं पडतं. या पद्धतीला ते काताझोमे म्हणतात. ‘काता’ म्हणजे साचा आणि ‘सोमे’ म्हणजे रंगवणं. दोन शब्द जुळताना ‘सो’चा ‘झो’ होतो. कन्नड व्याकरणात आदेश संधी शिकलेल्यांना याचं नवल वाटू नये. ‘मळे’ आणि ‘काल’ मिळून ‘मळेगाल’ होतो, तसाच हा प्रकार.

रंग अडवून नक्षी काढण्याची युक्ती आपल्याला नवी नाही. बांधणीत दोरा रंग अडवतो, बाटिकमध्ये मेण अडवतं, राजस्थानातल्या दाबू छपाईत चिखल अडवतो. जपानने हे काम तांदळाकडे दिलं, आणि तिथपासून पुढची सगळी कला त्या तांदळाच्या गुणदोषांवर बेतली.

खळ म्हणा, कन्नडमध्ये गंजी म्हणा, करायची रीत स्वयंपाकघरातलीच. मोची नावाची मिठाई ज्याची करतात त्या चिकट तांदळाचं पीठ आणि तांदळाचा बारीक कोंडा एकत्र मळायचा. त्याचे मधे भोक पाडलेले, थेट उद्दिनवड्यासारखे गोळे करून वाफवायचे. शिजले की गरम असतानाच पाणी घालत घोटत राहायचं, एकही गुठळी राहता कामा नये. शेवटी मीठ आणि थोडा विरलेला चुना. यातला एकही पदार्थ हौसेखातर नाही. आपल्या साध्या तांदळाची खळ वाळली की कडक होते, तडकते, आणि तड्यांतून रंग आत शिरतो. चिकट तांदळाची खळ लवचीक राहते. पण नुसता चिकट तांदूळ घेतला तर तो कापडाला असा धरून बसतो की धुता धुवत नाही, म्हणून कोंडा. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि खळ फुटू देत नाही. कोरड्या हवेत ते वाढवायचं, पावसाळी हवेत कमी करायचं. हे प्रमाण रंगारी आभाळाकडे बघून ठरवतो. चुना घातलेली खळ निळीच्या नांदेत लवकर विरघळत नाही.

किमोनोचं कापड अरुंद असतं. पन्हा जेमतेम ३६ ते ३८ सेंटीमीटर, लांबी १२ मीटरच्या आसपास. ते लांबच लांब लाकडी फळीवर ताणून चिकटवतात. साचा त्यावर ठेवून लाकडी पट्टीने खळ एका दमात ओढायची, साचा उचलायचा, पुढे सरकवायचा, पुन्हा ओढायची. बारीक नक्षीचा साचा लांबीला वीतभरच असतो. म्हणजे एका किमोनोला तो पन्नासहून अधिक वेळा ठेवावा आणि उचलावा लागतो. साच्याच्या कडेला सुईच्या टोकाएवढी टिंबं असतात. आधीच्या टिंबावर पुढचं टिंब बसलं पाहिजे. केसभर सरकलं तर दोन साच्यांच्या मधे रेघ दिसते, आणि अंगावर घातलेल्या कापडात ती रेघ पाहणाऱ्याच्या डोळ्यात सगळ्यात आधी भरते.

निळीत बुडवायचं कापड असेल तर काम दुप्पट. नांदेत बुडवल्यावर रंग दोन्ही बाजूंनी चढणार, तेव्हा खळही दोन्ही बाजूंना हवी. एका अंगाला खळ लावून वाळवायची, मग कापड उलटून मागच्या अंगाला तीच नक्षी बरोबर तिच्याच पाठीवर बसवायची. उन्हाळ्यात घालायच्या सुती युकातासाठी असं कापड करत. आपल्या कसुतीतही गवंती आणि मुर्गीचे टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, पण तिथे सुई आरपार जाते, ताणे मोजता येतात. इथे मोजायला काही नाही. लांब फळीवरच्या या कामातल्या शिमिझू कोतारो आणि मात्सुबारा सादाकिची या दोघांना जपान सरकारने १९५५ साली गौरवलं. त्या गौरवाबद्दल पुढे सांगते.

खळीची आणि निळीची जोडी जमली यालाही कारण आहे. कढत पाण्यात उकळून चढवायच्या रंगात तांदळाची खळ क्षणभर टिकणार नाही, पेज होईल. नीळ मात्र आंबवलेल्या, जेमतेम कोमट नांदेत चढते. जपानची नीळ आपल्या नीळीच्या झुडपाची नाही. ती वेगळ्या कुळातल्या एका रोपाच्या पानांची. शिकोकू बेटावरच्या आवा भागात, म्हणजे आजच्या तोकुशिमात, ही पानं सुमारे शंभर दिवस कुजवून तिचं खतासारखं द्रव्य करतात. नीळ सोडून बाकीचे रंग ब्रशने लावावे लागतात. त्याआधी कापडावर सोयाबीनचं ताजं दूध फिरवतात. दुधातलं प्रथिन धाग्यावर बसतं आणि रंगाला धरून ठेवतं. तांदूळ, कोंडा, मीठ, चुना, सोयाबीन. रंगाऱ्याची यादी आणि वाण्याची यादी यात फारसा फरक नाही.

कागद मात्र वाण्याकडे मिळणारा नव्हे. सुझुका म्हटलं की आज मोटारींच्या शर्यती आठवतात. त्याच सुझुका शहरात शिरोको आणि जिके ही दोन जुनी गावं आता सामावली आहेत, आणि कापड रंगवायचे साचे शतकानुशतकं मुख्यतः तिथूनच सगळ्या जपानभर गेले. या साच्यांना इसे कातागामी म्हणतात. तुतीच्या जातीतल्या कोझो झाडाच्या सालीचा हातकागद घ्यायचा. तीन ताव एकावर एक, पण मधल्या तावाचे धागे आडवे, म्हणजे ओला झाला तरी कागद एका बाजूला ओढला जाणार नाही. त्यांना जोडायला कच्च्या पर्सिमन फळांचा आंबवलेला तुरट रस. हिमाचलात या फळाला ‘जापानी फल’ म्हणतात. निपाणीच्या विड्या ज्या पानात वळतात त्या तेंदूच्या झाडाचा हा सख्खा चुलतभाऊ. रसातलं टॅनिन कागदात मुरतं आणि कागद पाण्याला दाद देईनासा होतो. मग हे ताव बंद खोलीत लाकडाच्या भुशाच्या धुरात आठवडाभर टांगतात, पुन्हा रस लावतात, पुन्हा धुरी देतात. तपकिरी झालेला हा कागद ओल्या खळीखाली पुन्हा पुन्हा गेला तरी आकार सोडत नाही. आणि आकार सोडला तर ती टिंबं टिंबांवर बसणार कशी?

कोरकामाच्या चार तऱ्हा आहेत. पहिलीत अर्धचंद्राकृती पात्याची टोची उभी धरून गोल फिरवतात आणि नुसती भोकं पाडतात. त्या भोकांच्या दाटीवाटीतूनच सगळी नक्षी. बारीक कामात एका चौरस सेंटीमीटरात शंभरेक भोकं येतात. दुसरीत पातळ पातं उभं धरून पुढे ढकलत कोरायचं, फुलं-पानं-लाटा अशा वळणदार आकृत्यांसाठी. तिसरीत पात्यालाच पाकळीचा किंवा चौकोनाचा आकार असतो, एका दाबात एक पाकळी. असं काम करणारा कारागीर आपली शेकडो पाती स्वतः घडवतो, त्यामुळे त्याचं निम्मं आयुष्य हत्यारं करण्यात जातं. चौथी तऱ्हा पट्ट्यांची. पोलादी पट्टी लावून सुरी आपल्याकडे ओढत सरळ रेघ कापायची. ऐकायला सगळ्यात सोपी, करायला सगळ्यात अवघड. एकाच रेघेवरून सुरी तीनदा फिरते आणि तिन्ही वेळा ती त्याच वाटेने गेली पाहिजे.

इतकं बारीक काम कुणासाठी? आधी सरदारांसाठी. एदो काळात, म्हणजे साधारण १६०३ ते १८६८, दरबारात घालायच्या सामुराईंच्या पोशाखावर अशी नक्षी असे आणि मोठ्या घराण्यांच्या नक्षी ठरलेल्या असत. किशूच्या तोकुगावा घराण्याची नक्षी शार्क माशाच्या कातडीसारखी, अतिबारीक ठिपक्यांच्या कमानींची. शिरोको आणि जिके ही गावं याच किशू घराण्याच्या ताब्यात होती, म्हणून तिथल्या साचेविक्यांना देशभर हिंडायचे परवाने मिळत. कलेला राजाश्रय मिळतो असं आपण म्हणतो, तेव्हा बरेचदा त्याचा अर्थ असा जकातनाक्यावरचा परवाना असतो.

पुढे गावातल्या पैसेवाल्यांनी हीच नक्षी उचलली. व्यापाऱ्यांनी भपका करू नये म्हणून शोगुनांची फर्मानं निघत, रंग आणि कापड यांवर बंधनं येत. त्यावर बारीक नक्षी हा नामी उपाय ठरला. दहा पावलांवरून पाहिलं तर साधं राखी नाहीतर तपकिरी कापड. जवळ आलं की कळतं, यावर हजारो ठिपके आहेत. सामान्यांच्या नक्षीत थट्टाही शिरली. त्यातली एक नक्षी मुळा आणि किसणीची आहे! अंगभर मुळे आणि किसण्या, पण लांबून कुणाला पत्ता नाही. आपल्याकडे लग्नाच्या शालूचा काठ मांडवाच्या दारातून दिसला पाहिजे असा आग्रह. तिथे श्रीमंती ओळखायला शेजारी येऊन बसावं लागे. मला हा दुसरा प्रकार जास्त आवडतो, पण लग्नघरात हे बोलून दाखवायची सोय नाही.

भारताशी या कलेचा धागा आहे आणि तो ओढून ताणून आणलेला नाही. पोर्तुगीज आणि डच जहाजांतून आपल्या कोरोमांडल किनाऱ्यावरची रंगीत छापील आणि कलमाने रंगवलेली सुती कापडं जपानला पोचली. तिथे त्यांना सारासा म्हणत. श्रीमंतांनी ती चहाच्या भांड्यांच्या पिशव्यांसाठी, तंबाखूच्या बटव्यांसाठी तुकड्या-तुकड्यांनी वापरली. मग जपानी रंगाऱ्यांनी स्वतःची सारासा करायला घेतली, आणि ठसे न वापरता आपले कागदी साचे वापरले. एका नक्षीला रंगागणिक वेगळा साचा, असे कितीतरी साचे लागत. मद्रासजवळच्या सां थोमेवरून गेलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाला तर ते सांतोमेच म्हणत. आपल्या किनाऱ्यावरचं गाव तिथे कापडाचं नाव होऊन राहिलं.

१८६८ नंतर सामुराई गेले, त्यांचे दरबारी पोशाख गेले. रासायनिक रंग आले आणि खळीतच रंग कालवून छापायची जलद पद्धत निघाली. जुने साचे अडगळ झाले. परदेशी व्यापाऱ्यांनी ते गठ्ठ्यांनी विकत घेतले. जर्मनीत ड्रेस्डेनच्या संग्रहालयाने १८८९ साली घेतलेल्या अशा साच्यांची संख्या १५ हजारांच्या वर आहे. युरोपातले भिंतीचे कागद, पडदे, पुस्तकांची वेष्टणं करणाऱ्यांनी ते समोर ठेवून आपली नक्षी बेतली. साच्यावर कोरणाऱ्याचं नाव नसे. त्यामुळे ज्यांच्या हातचं पाहून युरोपची नजर बदलली, ती माणसं कोण हे सांगणं अवघड.

नाव मिळायला १९५५ साल उजाडावं लागलं. महायुद्धानंतर, १९५० साली, जपानने सांस्कृतिक वारसा जपण्याचा कायदा केला. त्यात इमारती आणि मूर्तींबरोबर माणसाच्या हातातलं कसबही ‘वारसा’ म्हणून धरलं. असं कसब ज्याच्या हातात आहे त्या व्यक्तीला लोक ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणू लागले. पहिल्या काही मानकऱ्यांत बारीक नक्षीचे रंगारी कोमिया कोसुके होते, आणि सुझुकाचे सहा जण होते. सहापैकी पाच जण वर सांगितलेल्या चार तऱ्हांचे कोरक्ये. सहाव्या मानकरी होत्या जोनोगुची मिए, आणि त्यांचा मान कोरकामाचा नव्हता. त्या साच्यात धागे भरत.

हे काम नीट समजून घेतलं पाहिजे. पट्ट्यांचा साचा डोळ्यासमोर आणा. वीतभर लांब, सुतासारख्या बारीक फटी कापल्यावर कागदाचं काय उरतं? फणीचे दात. त्यावरून ओली खळ ओढली की दात इकडेतिकडे सरकणार आणि सरळ रेघेची वाकडी रेघ होणार. म्हणून कोरून झालेल्या साच्याचे दोन पापुद्रे अलगद सोडवायचे. मधे रेशमाचे अत्यंत बारीक धागे ताणून बसवायचे. मग दुसरा पापुद्रा पहिल्यावर पुन्हा चिकटवायचा, तोच पर्सिमनचा रस लावून, आणि असा की वरची प्रत्येक फट खालच्या तिच्याच फटीवर यावी. फट जरा जरी हुकली तर आधीच्या कारागिराची कित्येक दिवसांची मेहनत फुकट. धागे पुढे कापडावर दिसतात का? नाही. ते इतके बारीक असतात की खळ त्यांच्या खालून वाहून पुन्हा एकत्र येते. धागे भरणाऱ्या बहुतेक बायकाच असत. कोरणाऱ्याचं काम निदान साच्यावर दिसतं, रंगाऱ्याचं कापडावर दिसतं. हिचं काम कुठेच दिसत नाही, कारण चांगलं झालं तर ते दिसूच नये अशी अट आहे.

विसाव्या शतकात साच्याला मागून जाळीदार रेशमी कापड लाखेच्या रोगणाने चिकटवायची सोपी रीत आली आणि धागे भरायची गरज कमी होत गेली. १९५५ साली सरकारने हे कसब वेगळं काढून गौरवलं, तेव्हा ते आधीच आटत चाललेलं होतं. तरीही गौरवलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे इलकलची साडी म्हटलं की विणकर आठवतो. कांड्या भरणारी, ताण्याचे धागे जोडून देणारी घरातली बाई कुणाच्या यादीत असते? गुळेदगुड्डचा खण घेताना तिच्याबद्दल कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. जपानच्या त्या यादीत पाच पुरुष कोरक्यांच्या शेजारी एक धागे भरणारी बाई आहे, तीही त्यांच्या बरोबरीने, त्यांची मदतनीस म्हणून नव्हे.

या साखळीत कुणा एकाचं एकट्याने चालत नाही. कोमिया कोसुके यांच्यानंतर मुलगा यासुताका यांना १९७८ साली आणि नातू यासुमासा यांना २०१८ साली तोच मान मिळाला. एका घरात तीन पिढ्या. पण तिघेही रंगारी. कितीही निष्णात झाले तरी साचा त्यांच्या हातचा नाही, आणि साचा कोरणाऱ्याच्या हातचा कागद नाही. म्हणून यासुताका आपल्या रंगकामाइतकीच चांगल्या कागदाची आणि कोरणाऱ्या हातांची काळजी करत राहिले. १९९३ साली सरकारने सुझुकाच्या कोरकामाला व्यक्तींऐवजी सबंध समूहाचं कसब म्हणून मान्यता दिली. उशिरा का होईना, हिशेब बरोबर लागला असं मी म्हणेन.

याच काळात उलट्या वाटेने जाणारा एक माणूस होऊन गेला, आणि जगात काताझोमेचं नाव त्याच्यामुळेच जास्त झालं. सेरिझावा केइसुके. जन्म १८९५ सालचा, शिझुओका शहरातला. नक्षी काढणं, साचा कोरणं, खळ लावणं, रंगवणं ही सगळी कामं त्यांनी एकाच माणसाच्या हाताखाली आणली. १९५६ साली त्यांना मान द्यायची वेळ आली तेव्हा जुनं नाव पुरेना, म्हणून सरकारने ‘काताएझोमे’, म्हणजे साच्याने रंगवलेलं चित्र, असा नवा शब्दच काढला. दारावरच्या पडद्यांवर त्यांनी दोरांची झालर रंगवली, जपानी अक्षरं फुलांसारखी मांडली. १९४५ साली हवाई हल्ल्यात तोक्योतलं घर आणि कामाचं साहित्य जळालं. कापड मिळेना, तेव्हा त्यांनी हातकागदावर रंगकाम केलं आणि १९४६ पासून साच्याने रंगवलेली कॅलेंडरं काढली. ती परदेशातही घरोघरी लागली.

गंमत अशी, की सेरिझावांचे गुरुस्थानी असलेले मित्र यानागी सोएत्सू आयुष्यभर अनामिक कारागिराची थोरवी सांगत आले. सही न करणारा, रोजच्या वापराच्या वस्तू करणारा कारागीरच खरं सौंदर्य घडवतो, हे त्यांचं म्हणणं. त्या म्हणण्याला वाहिलेल्या चळवळीतून सगळ्यात ठळक नावाचा रंगारी पुढे यावा, हे जरा विचित्रच. अनामिकतेची थोरवी सांगायला सहसा नाव असलेला माणूसच लागतो, आणि अनामिकांना तुम्हाला अनामिक राहायचं आहे का असं कुणी विचारत नाही. सेरिझावांची कॅलेंडरं मला मनापासून आवडतात. पण यानागींच्या म्हणण्यावर जोनोगुची मिएंचं मत काय पडलं असतं, हे ऐकायला मला अधिक आवडलं असतं.

सेरिझावांना ही वाट सापडली ती १९२८ साली, तोक्योच्या एका प्रदर्शनात ओकिनावाचं एक कापड पाहून. ओकिनावा म्हणजे जपानच्या दक्षिणेची बेटं. १८७९ पर्यंत तिथे र्‍युक्यू नावाचं स्वतंत्र राज्य होतं. तिथल्या साच्याच्या रंगकामाला बिंगाता म्हणतात. मुख्य जपानच्या मंद राखी-निळ्या रंगांपुढे बिंगाता म्हणजे भर उन्हातली बाग. पिवळ्याजर्द जमिनीवर शेंदरी फुलं, निळ्या लाटा, ढग, पक्षी. इथेही आधी साच्याने खळ लावतात. पण मग उघड्या राहिलेल्या नक्षीत हाताने एकेक रंग भरतात, प्रत्येक रंगाच्या कडेला गडद छटा देतात, त्यानंतर ती सगळी रंगीत नक्षी पुन्हा खळीने झाकून जमिनीचा रंग चढवतात. साचा कोरताना खाली आधाराला ठेवायचा ठोकळा लाकडाचा नसतो, तर वाळवून कडक केलेल्या टोफूचा. पातं त्यात रुततं पण बोथट होत नाही, आणि टोफूतलं तेल त्याला लागत राहतं. सोयाबीनचं दूध रंगात आणि सोयाबीनचं पनीर साच्याखाली!

राज्य गेल्यावर राजघराण्याची गिऱ्हाइकी गेली, आणि बिंगाता करणारी ताकुशी, चिनेन आणि शिरोमा ही नावाजलेली घराणी कशीबशी तग धरून राहिली. १९४५ च्या एप्रिल ते जूनमध्ये ओकिनावावर जी लढाई झाली तिच्यात तिथल्या सामान्य नागरिकांपैकी सुमारे चौथा हिस्सा मारला गेला. शुरीचा राजवाडा जमीनदोस्त झाला. घरांबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांचे साचे जळाले.

शिरोमा एइकी यांनी युद्धानंतर नाहा शहरात पुन्हा कामाला सुरुवात केली तेव्हा त्यांच्याजवळ कागद नव्हता, रंग नव्हता, हत्यारं नव्हती. अमेरिकी लष्कराने टाकून दिलेले नकाशे त्यांनी उचलले आणि त्यांवर साचे कोरले. ज्या नकाशांवरून त्या बेटावर तोफा डागल्या गेल्या असतील, त्यांवर फुलं. रंग म्हणून लिपस्टिक वापरली. खळ ओढायच्या पट्टीच्या जागी फुटलेल्या ग्रामोफोन तबकडीचा तुकडा. खळीची रेघ काढायच्या पिशवीला टोक लागतं, तिथे बंदुकीच्या गोळीचं रिकामं टोपण. मनाजोगं सामान मिळेपर्यंत हात थांबवायचा नाही, एवढंच त्यांनी ठरवलेलं दिसतं.

पण जुनी नक्षी कुठून आणणार? ती एका शिक्षकामुळे मिळाली. कामाकुरा योशितारो १९२१ साली ओकिनावाच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायला गेले होते. पगारी नोकरी मुलांना चित्रकला शिकवायची, पण हा माणूस गावोगाव हिंडून रंगाऱ्यांच्या घरातल्या वस्तू पाहत राहिला, टिपणं काढत राहिला, फोटो घेत राहिला. बिंगाताचे जुने साचे आणि कापडाचे नमुने जमवून तो मुख्य जपानला घेऊन गेला. त्या वेळी कुणाला वाटलंही असेल, हा आमचा ठेवा बाहेर नेतो आहे. युद्धात ओकिनावातलं सगळं नष्ट झालं आणि बाहेर नेलेलं तेवढं उरलं. त्या साच्यांवरून जुनी नक्षी पुन्हा उतरवता आली. कामाकुरा पुढे स्वतःच साच्याचे रंगारी झाले आणि १९७३ साली त्यांनाही ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान मिळाला. शुरीचा राजवाडा पुन्हा बांधून १९९२ साली खुला झाला, तेव्हा बांधणाऱ्यांसमोर त्यांचीच टिपणं आणि फोटो होते. तो वाडा २०१९ च्या ऑक्टोबरात आगीत पुन्हा जळाला. पुढच्या बांधकामालाही तीच टिपणं कामी आली आहेत.

बिंगाताचा मान ओकिनावाच्याच रंगाऱ्याला मिळायला १९९६ साल उजाडलं. तामानाहा युको हे त्यांचं नाव, आणि ते हे काम शिकले शिरोमा एइकींच्या हाताखाली. एइकी १९९२ साली वारले होते. शिरोमा घराण्याची रंगशाळा नाहात आजही चालू आहे, आणि साच्याखाली ठेवायचा टोफू तिथे अजून वाळत घालतात.